बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे

बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वे : माल आणि प्रवासी अशी दोन्ही प्रकारची सार्वजनिक वाहतूक करणारी अमेरिकेतील पहिली रेल्वे. न्यूयॉर्कला पंचमहासरोवरांशी जोडणारा ईरी कालवा १८२५ मध्ये खुला झाला आणि पश्चिमेकडचा व्यापार न्यूयॉर्ककडे वळू लागला. आपले बंदर ओस पडेल या धास्तीने बाल्टिमोरच्या व्यापाऱ्यांनी ओहायो नदीपर्यंत लोहमार्ग नेण्याचे ठरवले आणि २८ फेब्रुवारी १८२७ रोजी मेरिलंड राज्याची सनद मिळवली. ॲपलाचियन पर्वतरांग ओलांडणारा एवढा लांब मार्ग तोवर कोणीही बांधलेला नव्हता, हे पाहता हा बेत धाडसाचाच म्हणायला हवा.

स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा एकटेच हयात असलेले चार्ल्स कॅरल यांनी वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ४ जुलै १८२८ रोजी, कोनशिला बसवली. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वॉशिंग्टनजवळ चेसापीक अँड ओहायो कालव्याच्या खोदकामाचा प्रारंभ केला. रेल्वे आणि कालवा या दोन्ही कंपन्यांना पोटोमॅक नदीचे तेच अरुंद खोरे हवे असल्याने तंटा न्यायालयात गेला. रेल्वे मेरिलंडच्या पश्चिम भागातील कंबरलंडला १८४२ मध्ये पोहोचली, तर कालव्याला १८५० उजाडले.

बाल्टिमोरपासून एलिकॉट्स मिल्स या गावापर्यंतचा सुमारे १३ मैलांचा पहिला टप्पा मे १८३० मध्ये सुरू झाला, तेव्हा गाड्या घोडेच ओढत. त्याच वर्षी पीटर कूपर यांनी ‘टॉम थम’ हे छोटे वाफेचे एंजिन चालवून दाखवले. त्याच्या बाष्पकातील (बॉयलरमधील) नळ्यांसाठी बंदुकांच्या नळ्या वापरल्या होत्या. घोड्याशी झालेल्या त्याच्या शर्यतीची कथा पुढे बरीच रंगवली गेली. संचालकांना वाफेचा भरवसा वाटू लागला, हे अधिक महत्त्वाचे. रुळांखाली ग्रॅनाइटचे सलग दगड बसवण्याचा प्रयोग मात्र महागडा ठरून सोडून द्यावा लागला. सॅम्युअल मोर्स यांची १८४४ ची वॉशिंग्टन–बाल्टिमोर तारयंत्राची लाइन याच लोहमार्गाच्या कडेने गेली. १८५३ च्या आरंभी ओहायोकाठच्या व्हीलिंगपर्यंत गाडी धावू लागली.

मंदीच्या काळात केलेल्या १० टक्के पगारकपातीविरुद्ध जुलै १८७७ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील मार्टिन्सबर्ग येथील कामगारांनी मालगाड्या अडवल्या. हा संप पाहता पाहता अनेक राज्यांत पसरला आणि राष्ट्राध्यक्ष हेस यांना संघराज्याचे सैन्य पाठवावे लागले. अमेरिकी कामगार चळवळीच्या इतिहासात या रेल्वेचे नाव घेतले जाते ते या संपामुळे. कंपनी १९८७ मध्ये सीएसएक्स या रेल्वे समूहात विलीन झाली. या मार्गावरच्या, १८२९ साली पूर्ण झालेल्या बाल्टिमोरमधील कॅरल्टन पुलावरून आजही मालगाड्या जातात.