कडेला लागलेली शाई: स्तनाच्या कॅन्सरमध्ये दुसरं ऑपरेशन का लागतं, आणि मधल्या दिवसांत काय करायचं

ऑपरेशन होऊन आठ-दहा दिवस झालेले असतात, जखम भरत आलेली असते. मग पॅथॉलॉजीचा रिपोर्ट हातात येतो आणि त्यात एक ओळ असते, ‘मार्जिन पॉझिटिव्ह’, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत कॅन्सरच्या पेशी आहेत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा एकदा टेबलावर घ्यावं लागेल. घरात पहिला प्रश्न निघतो, पहिलं ऑपरेशन फसलं का? दुसरा प्रश्न दबक्या आवाजात येतो, गाठीला हवा लागून कॅन्सर पसरला का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. हवा लागून कॅन्सर पसरत नाही, आणि कडेला पेशी सापडल्या म्हणजे सर्जनचा हात चुकला असंही नाही. काय उरलंय ते ऑपरेशनच्या टेबलावर डोळ्यांना दिसत नाही. ते पुढे काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली कळतं.

स्तन ठेवून फक्त गाठ आणि तिच्याभोवतीचा थोडा निरोगी भाग काढणं सुरक्षित आहे का, हे तपासायला १९७०च्या दशकात अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो वेरोनेसी यांनी मोठ्या चाचण्या सुरू केल्या. २००२ साली त्यांचा वीस वर्षांचा हिशोब छापून आला. स्तन ठेवलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. मात्र स्तन ठेवायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: नंतर रेडिएशन, म्हणजे आपण ज्याला शेक म्हणतो तो घ्यायचा, आणि काढलेल्या तुकड्याची कडा स्वच्छ निघायला हवी. दुसरं ऑपरेशन बहुतेक वेळा या दुसऱ्या अटीपायी होतं. इंग्लंडमधल्या ५५ हजारांहून जास्त बायकांच्या नोंदी तपासल्या तेव्हा, स्तन ठेवून ऑपरेशन झालेल्यांपैकी पाचात एकीला तीन महिन्यांच्या आत पुन्हा ऑपरेशन लागलेलं होतं. म्हणजे ही गोष्ट विरळा नाही.

कडा तपासतात कशी, ते जरा तपशिलात पाहू, कारण रिपोर्ट वाचायचा तर हे कळायला हवं. तुकडा बाहेर आला की सर्जन त्याला दोरे बांधतात. प्रचलित पद्धतीत आखूड दोरा वरच्या बाजूला आणि लांब दोरा बाहेरच्या, काखेकडच्या बाजूला. दोरे नसतील तर लॅबमधल्या डॉक्टरांना वरचं-खालचं काहीच कळणार नाही. लॅबमध्ये तुकड्याचा सगळा पृष्ठभाग शाईने रंगवतात, शक्यतो प्रत्येक बाजूला वेगळा रंग. मग तीन ते पाच मिलिमीटर जाडीचे काप करतात, ते मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्या ठोकळ्यातून साधारण चार मायक्रॉन जाडीचे पापुद्रे काढून काचेवर घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली प्रश्न एकच असतो: शाई कॅन्सरच्या पेशीला टेकली आहे का? टेकली असेल तर मार्जिन पॉझिटिव्ह. पसरू शकणाऱ्या कॅन्सरसाठी २०१४ पासून हाच निकष आहे. शाईपासून पेशी अगदी जवळ असल्या, पण टेकलेल्या नसल्या, तर पुन्हा कापायची गरज सहसा नसते. कॅन्सर अजून दूधनलिकेच्या आतच असेल, ज्याला रिपोर्टात डीसीआयएस लिहितात, तर २०१६ च्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन मिलिमीटर मोकळी जागा हवी. म्हणून ‘क्लोज मार्जिन’ एवढंच वाचून घाबरू नका. किती मिलिमीटर, कोणत्या बाजूला आणि कोणत्या प्रकारच्या पेशी, हे तिन्ही विचारा.

पॉझिटिव्ह कडा तशीच सोडली तर त्याच स्तनात कॅन्सर परतण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते. शेकाचा जास्तीचा डोस देऊन ही कसर भरून निघत नाही. तो विचार मनातून काढलेला बरा.

हे त्याच वेळी का तपासत नाहीत? काही ठिकाणी तुकडा गोठवून लगेच तपासतात, पण स्तनात चरबी फार आणि चरबी नीट गोठत नाही. पापुद्रा फाटतो, सगळी कडा पाहून होत नाही. दुसरा उपाय जास्त कामाचा आहे: गाठ काढल्यावर उरलेल्या पोकळीच्या चारी बाजूंचा आणखी एकेक पातळ थर त्याच वेळी काढायचा. अमेरिकेत २३५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१५ साली आले, एवढ्याने पॉझिटिव्ह कडांचं प्रमाण ३४ टक्क्यांवरून १९ वर आलं आणि दुसरं ऑपरेशन २१ टक्क्यांवरून १० वर. पहिलं ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनना हे जरूर विचारा.

काही कॅन्सर मुळातच चकवणारे असतात. डीसीआयएस नलिकांच्या आतून सरकतो, हाताला लागत नाही, मॅमोग्राफीत फक्त चुन्याचे बारीक ठिपके दिसतात आणि त्या ठिपक्यांच्या पलीकडेही तो असू शकतो. कुंडीतली तुळस उपटली तरी बारीक मुळ्या मातीत राहतात, तसं होतं. लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींतून निघणाऱ्या प्रकारात पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडेरिन नावाचं प्रथिन नसतं, त्यामुळे गोळा न होता त्या एकेरी ओळीत पांगतात. आधी कीमो दिलेली असेल तर गाठ कधी सगळीकडून सारखी आक्रसत नाही, मध्ये मध्ये बेटं ठेवून जाते. अशा रुग्णांमध्ये दुसऱ्या ऑपरेशनची शक्यता पहिल्याच भेटीत सांगितलेली असली तर पुढचा धक्का निम्मा होतो.

दुसऱ्या ऑपरेशनचा एक प्रकार मात्र टाळता येण्याजोगा आहे. माळवा-निमाडात, इंदूर असो की देवास-खंडवा, अजूनही असं घडतं की छोट्या नर्सिंग होममध्ये ‘साधी गाठ आहे’ म्हणून बायोप्सीशिवाय गाठ काढली जाते. दोरे बांधलेले नसतात, कधी तुकडे-तुकडे करून गाठ काढलेली असते, कधी ती अरुंद तोंडाच्या बाटलीत थोड्याशा फॉर्मालिनमध्ये कोंबलेली असते. मग आतला भाग नासतो आणि ईआर, पीआर, हर-टू या औषध ठरवणाऱ्या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, म्हणजे मिळायला हवं ते औषधच रुग्णाला मिळत नाही. तुकड्याच्या निदान दहापट फॉर्मालिन हवं, तुकडा तासाभरात त्यात पडायला हवा आणि ६ ते ७२ तास त्यात राहायला हवा. हे सगळं टाळायचा मार्ग सोपा आहे: आधी कोअर बायोप्सी. जागेवर बधिर करून १४ गेजच्या सुईने काही बारीक पट्ट्या काढतात, अर्ध्या तासात घरी जाता येतं. नुसत्या बारीक सुईच्या एफएनएसीने पेशी कॅन्सरच्या आहेत एवढं कळतं, पण त्या पसरणाऱ्या आहेत का ते कळत नाही. तिशी-पस्तिशी ओलांडलेल्या बाईच्या स्तनातली गाठ बायोप्सीशिवाय कुणी काढतो म्हणालं, तर नम्रपणे थांबा म्हणा.

आणखीही काही कारणांनी पुन्हा टेबलावर जावं लागतं. पहिल्या दिवसाभरात रक्त साठलं तर ते लगेच काढावं लागतं, कातडीची कड काळी पडली तर तेवढा भाग काढतात. काखेतल्या पहारेकरी गाठीत (सेंटिनल नोड, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पोचतो ती लसीकागाठ) कॅन्सर सापडला तर पूर्वी सगळी काख साफ करायचे. आता एक-दोनच गाठी बाधित असतील, स्तन ठेवलेला असेल आणि पूर्ण स्तनाला शेक मिळणार असेल, तर अनेकींना ते लागत नाही.

मधले दिवस

दुसरं ऑपरेशन साधारण दोन ते चार आठवड्यांत होतं. त्याच टाक्यांची रेघ उघडतात, पोकळीत साठलेलं पाणी काढतात आणि रिपोर्टात ज्या बाजूचं नाव आहे त्या बाजूची सुमारे एक सेंटिमीटर भिंत काढतात. बहुतेक वेळा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी सोडतात. पुष्कळदा या नव्या तुकड्यात कॅन्सर सापडतच नाही. तेव्हा ‘उगाच कापलं’ असं वाटतं, ते स्वाभाविक आहे, पण सापडणार नाही हे आधी कळायला मार्ग नसतो. पोकळीत टायटॅनियमच्या क्लिप लावल्या का, हेही विचारा. शेक देताना नेमकी जागा त्यावरून कळते, आणि त्या एमआरआयला अडत नाहीत.

वेळ महत्त्वाची आहे. ऑपरेशननंतर कीमो ९० दिवसांच्या पलीकडे गेली तर निकाल बिघडतो, असं मोठ्या नोंदींतून दिसलं आहे. म्हणून ‘आधी मुंज उरकू दे, गणपती होऊ दे’ अशी दीड-दोन महिन्यांची ढकल परवडत नाही. आठवडाभर विचार करायला मात्र नक्की परवडतो. घरातल्या मोठ्या बायका कळवळून म्हणतात, ‘काढूनच टाका, कटकट नको.’ कॅन्सर बऱ्याच भागात पसरलेला असेल, दुसऱ्यांदाही कडा पॉझिटिव्ह आली असेल किंवा स्तनाचा आकार फार बिघडणार असेल, तर पूर्ण स्तन काढणं शहाणपणाचं ठरतं. केवळ भीतीपोटी तसं करून आयुष्य वाढत नाही. निर्णय रुग्णाचा आहे, आणि तिला एकटीला डॉक्टरांशी बोलायला दहा मिनिटं मिळतील एवढं घरच्यांनी पाहावं. दुसऱ्या खेपेला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते, झोप उडते, चिडचिड होते. हा मनाचा कमकुवतपणा नव्हे. दोन आठवडे झोप लागत नसेल तर ते दुखण्याइतक्याच मोकळेपणाने डॉक्टरांना सांगा.

शरीर तयार करायला तीन आठवडे पुरेसे आहेत. मूत्रपिंडाचा आजार नसेल तर वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं हवीत; ५५ किलोच्या बाईला ६५ ते ८० ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, शंभर ग्रॅम पनीर १८, अर्धा लिटर दूध १६, घट्ट वरणाची वाटी सहा-सात. नुसत्या मऊ भातावर आणि साबुदाण्यावर जखम भरत नाही. तंबाखू, मिश्री, सिगरेट बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि दुसऱ्यांदा उघडलेल्या कातडीला रक्त कमी पडतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टॅमॉक्सिफेन, हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, काढे, जे काही चालू असेल ते सगळं भूल देणाऱ्या डॉक्टरांपुढे ठेवा. मधुमेहासाठी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर ते सहसा तीन दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्याने रक्तात आम्ल साठू शकतं आणि साखर जवळपास नॉर्मल दिसत असल्याने ते लक्षातही येत नाही. हे विचारल्याशिवाय राहू नका, आणि स्वतःहून औषध बंदही करू नका.

ऑपरेशनच्या सकाळी पोहे तर नाहीतच, दुधाचा चहाही नाही. घन अन्न आणि दूध सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. ‘एक कप चहाने काय होतं’ म्हणून घेतलेल्या चहापायी ऑपरेशन पुढे ढकललं जातं.

नळी, हात आणि कागद

काखेचं काम झालं असेल तर ड्रेनची नळी असते. तिच्या टोकाचा भाता दाबलेला राहायला हवा, तो दाबच पाणी ओढतो. रोज ठरलेल्या वेळी मिलिलिटर मोजून वहीत लिहा. रंग लाल, मग गुलाबी, मग पिवळसर होत जातो. चोवीस तासांत ३० मिलिलिटरच्या खाली सलग दोन दिवस आलं की बहुधा नळी काढतात. भाता रिकामा केल्यावर लगेच हवेने फुगत असेल तर नळीचं एखादं भोक कातडीबाहेर आलं असावं किंवा जोड सैल असेल. पाणी एकदम थांबलं आणि काख फुगली तर आत गुठळी अडकली आहे. अचानक गडद लाल रक्त भरभर भरू लागलं, किंवा दुर्गंध आणि ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका.

पहिल्या दिवसापासून मूठ उघड-मिट आणि कोपर हलवणं. नळी असेपर्यंत हात खांद्याच्या उंचीच्या वर नेऊ नका. नळी निघाली की भिंतीवर बोटं चढवत रोज खुणेची रेघ वर न्या. दुसऱ्या ऑपरेशननंतर हेच पुन्हा पहिल्या पायरीपासून. काही आठवड्यांनी काखेतून कोपरापर्यंत ताणलेल्या दोऱ्या हाताला लागल्या तर त्या घट्ट झालेल्या लसीकावाहिन्या (लिम्फच्या नळ्या) असतात, कॅन्सर नव्हे, फिजिओथेरपीने जातात. काखेच्या गाठी काढलेल्या असतील तर रक्तदाब आणि सुई शक्यतो दुसऱ्या हाताला.

दुसरं मत घ्यायला इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला टाटात जाणारे पुष्कळ. नुसता रिपोर्ट आणि काचा नेऊन भागत नाही, मेणाचे ठोकळेही लॅबकडून मागून घ्या, त्यावरचे नंबर रिपोर्टाशी ताडून पाहा. मे महिन्यात ते बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. हे मेण साधारण साठ अंशांच्या आसपास वितळतं आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डला तेवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. हातातल्या पिशवीत, कापडात गुंडाळून न्या. पहिल्या ऑपरेशनची नोंद म्हणजे ऑपरेटिव्ह नोट, तिची प्रत डिस्चार्ज कार्डापेक्षा जास्त कामाची असते. सर्जनने किती काढलं, दोरे कुठे बांधले, क्लिप किती लावल्या हे तिच्यातच असतं.

आयुष्मान कार्डावर उपचार चालू असतील तर दुसऱ्या ऑपरेशनला नवी पूर्वमंजुरी लागते, आणि वर्षाची पाच लाखांची मर्यादा सगळ्या कुटुंबाची मिळून असते. शिल्लक किती ते रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राकडून भरती होण्याआधी पाहून घ्या, कारण कीमो आणि शेक अजून पुढे आहेत.