सोलर पंप बसला म्हणजे दुष्काळाची तयारी झाली का?

हवामान बदलावरचा खर्च म्हटलं की बीड-धाराशिवच्या माळावरच्या पवनचक्क्या आणि शिवारातली शेततळी एकाच यादीत येतात. त्यांचं अर्थशास्त्र मात्र निराळं आहे.

पवनचक्कीमुळे कोळसा कमी जळतो, हवेत जाणारा कार्बन घटतो. हे शमन. त्याचा फायदा साऱ्या जगात वाटला जातो. माळावरच्या शेतकऱ्याच्या वाट्याला त्यातलं थोडंच, तेही उशिरा येतं. शेततळं, रुंद वरंबा-सरीवर पेरलेलं सोयाबीन, पावसाचा खंड सोसणारं वाण, हे अनुकूलन. पाऊस बिघडलाय हे धरूनच शेती करायची. याचा फायदा त्याच शिवारात दिसतो.

पैसा कुठे जातो, तेही यावरूनच ठरतं. वीज विकून कर्ज फिटतं, म्हणून शमनाला गुंतवणूकदार मिळतो. शेततळ्यानं वाचवलेलं पीक शेतकऱ्याच्या घरात येतं, त्यातून बाहेरच्या कुणाला परतावा मिळत नाही. श्रीमंत देशांनी २०२२ मध्ये विकसनशील देशांसाठी उभ्या केलेल्या सुमारे ११६ अब्ज डॉलरपैकी अनुकूलनाला जेमतेम ३२ अब्ज गेले. त्यातही कर्जाचा वाटा मोठा. आपल्याकडचा पोकरा, म्हणजे बिघडत्या हवामानात तगणारी शेती उभी करायचा राज्य सरकारचा प्रकल्पसुद्धा जागतिक बँकेच्या ४२ कोटी डॉलरच्या कर्जावर उभा राहिला. कोरडवाहू शेतकऱ्यानं हवा बिघडवली नाही, तरी सावरण्यासाठी कर्ज त्याच्याच राज्यानं काढायचं, हा मला उघड अन्याय वाटतो.

सर्वांत जास्त गोंधळ होतो सोलर पंपाबाबत. डिझेल आणि कोळशाची वीज वाचते, म्हणून तो शमनात बसतो. दिवसा पाणी देता येतं, रात्री विंचू-सापाच्या भीतीत दारं धरायला जावं लागत नाही. ही सोय फार मोलाची आहे. पण ऊन फुकट असल्यानं पंप बंद करावा असं काही कारण उरत नाही, आणि आपल्या काळ्या पाषाणात पाणी मुळातच कमी साठतं. सगळ्यांचे पंप दिवसभर चालले तर गावातले बोअर लवकर आटतात. गावानं पाण्याचा ताळेबंद मांडला, ठिबक केलं, पीक बदललं, तरच हाच पंप दुष्काळात कामी येतो. म्हणून किती पंप बसले यावरून तयारी मोजू नये.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तो खर्च शमन आणि अनुकूलन या दोन्हींत बसत नाही. ती झालेली हानी. हानीसाठीचा जागतिक निधी २०२२ च्या शर्म अल शेख परिषदेत मान्य झाला. सप्टेंबर २०२५ च्या पुरात मराठवाड्यात खरडून गेलेल्या जमिनीही याच खात्यातल्या, पण त्यांवर पुन्हा माती भरायचा खर्च आजही सरकारी मदत आणि शेतकऱ्याची उसनवारी यांवरच चालतो.