अ‍ॅलर्जीचे तातडीचे पेन परदेशातून मागवण्यासाठी परवाना कसा घ्यावा?

शेंगदाणे, मासे किंवा मधमाशीचा डंख यांमुळे ज्यांना जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी होते, त्यांच्यासाठी अ‍ॅड्रेनालिन हे पहिले औषध असून ते मांडीच्या स्नायूत जितक्या लवकर दिले जाईल तितके चांगले. ब्रिटनमधील शाळांना १ ऑक्टोबर २०१७ पासून या औषधाची तयार पेन, म्हणजे ठरलेली मात्रा आधीच भरलेली, पेनासारखी इंजेक्शने, डॉक्टरांच्या चिठ्ठीविना विकत घेऊन ठेवण्याची मुभा आहे. आपल्याकडे शाळा, मॉल किंवा मंगल कार्यालयांनी ती ठेवावीत असे बंधन नाही, त्यामुळे रुग्णाने स्वतःचे पेन जवळ बाळगणे अत्यावश्यक ठरते.

असे पेन कुरिअरने परदेशातून मागवायचे असल्यास औषधे नियम, १९४५ मधील नियम ३६ लागू होतो. अर्ज नमुना १२-अ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे करावा लागतो आणि परवाना नमुना १२-ब मध्ये मिळतो. हा विषय केंद्राच्या अखत्यारीत असल्याने राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नागपूर कार्यालयात हेलपाटे घालू नयेत.

अर्जासाठी वयाची अट नाही. मात्र औषध केवळ रुग्णाच्या स्वतःच्या वापरासाठी असावे आणि मागितलेली संख्या नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशी जुळावी. चिठ्ठीवर नुसते ‘अ‍ॅड्रेनालिन’ लिहून भागत नाही, ०.१५ की ०.३ मिलिग्रॅम आणि किती पेन, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्यावे. अर्जात नाव, पत्ता, व्यवसाय आणि औषध कोठून येणार हे भरायचे असते. सोबत चिठ्ठी आणि रुग्णाचा ओळख व पत्त्याचा पुरावा तयार ठेवावा. परवाना हाती येण्यापूर्वी पार्सल मागवू नये, कारण ते सीमाशुल्क विभागात अडकू शकते.

परदेशाहून परतताना स्वतःच्या सामानातून पेन आणल्यास, एका औषधाच्या शंभर सरासरी मात्रांपर्यंत हा परवाना लागत नाही. विचारणा झाल्यास सीमाशुल्क अधिकाऱ्यांना ते दाखवावे.

हा परवाना व्यक्तीपुरता असल्याने शाळेच्या सामाईक साठ्यासाठी त्याचा उपयोग करता येत नाही. पालकांनी मुलाचेच पेन, त्यावर नाव घालून, मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज व डॉक्टरांच्या सूचनांसह द्यावे आणि वर्गशिक्षकांना ते वापरायचे कसे हे प्रत्यक्ष दाखवावे. पेन वापरल्यावरही १०८ ला फोन करून रुग्णाला रुग्णालयात न्यावेच लागते.

नागपूरच्या मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत पेन ठेवणे धोक्याचे आहे, कारण हे औषध साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ठेवायचे असते आणि ते फ्रीजमध्येही ठेवू नये. पेनवरील छोट्या खिडकीतून दिसणारे द्रावण तपकिरी किंवा गढूळ झाले असेल, तर मुदत शिल्लक असली तरी पेन बदलावे आणि त्यासाठी लगेच नवा अर्ज करावा.