राखेचे ढिगारे आणि दख्खनचे पहिले गुराखी

हंपीजवळच्या निंबापूरला राखेचा एक मोठा ढीग आहे. वालीला इथेच अग्नी दिला, असे गावकरी सांगतात. बळ्ळारी, रायचूर, कुर्नूल, अनंतपूर या पट्ट्यात असे शंभराहून जास्त ढीग आहेत. इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यांच्याबद्दल नाना तर्क लढवले, अगदी ज्वालामुखीपर्यंत. ही जळलेल्या शेणाची राख आहे, हे एकोणिसाव्या शतकात भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी ओळखले.

1957 मध्ये ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ एफ. आर. ऑल्चिन यांनी महबूबनगरकडच्या उतनूरला (आदिलाबादच्या नव्हे) उत्खनन केले. राखेच्या थरांत गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले होते आणि भोवती कुंपणाच्या खांबांचे खळगे होते. ढिगाऱ्याखाली गुरांचा वाडा निघाला, साडेचार हजार वर्षांपेक्षा जुना. शेण साचू द्यायचे, पेटवायचे, पुन्हा तिथेच गुरे कोंडायची. काही ठिकाणी आग इतकी भडकली की राख वितळून काचेसारखी झाली.

पण जाळायचे कशाला? आपल्याकडे धनगराचा कळप रानात बसवायला शेतकरी आजही धान्य किंवा पैसे मोजतो, ते लेंडीखतासाठीच. ढीग रचणारी ती माणसेही हुलगा, मूग, भरडधान्ये पिकवत होती. एकदा आग लागली तर अपघात म्हणता येईल. थरावर थर जळलेले दिसल्यावर तसे म्हणवत नाही. संक्रांतीला कर्नाटकात गुरे जाळावरून पळवतात; ऑल्चिन यांनी अशा सणांशी धागा जोडला. मधे हजारो वर्षे आहेत, त्यामुळे पुरावा म्हणून तो कच्चाच, पण मला पटतो.

गुरांवर भक्ती होती म्हणून त्यांचे मांस वर्ज्य होते, असे मात्र समजू नये. डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांना कर्नाटकातल्या बुदिहाळ येथे राखेच्या ढिगाजवळच जनावरे कापण्याची जागा सापडली.

पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातल्या इनामगावच्या प्राचीन वस्तीची गोष्टही अशीच. तिथे एका घराच्या जमिनीखाली झाकणाच्या मातीच्या पेटीसोबत कच्च्या मातीची बिनडोक्याची देवी आणि बैल पुरून ठेवलेले होते. देवीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक. मधे काडी घातली की देवी बैलावर बसते. त्याच गावात गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत. पुढे, इ.स.पू. 1000 नंतर, तिथली शेती आटली, चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या आणि भिस्त शेळ्यामेंढ्यांवर गेली.