पडलात कुठे, त्यावर भरपाई

लोकलच्या दारातून पडून पाय गेला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. बसखाली गेला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. कारखान्याच्या यंत्रात गेला तर कामगार भरपाई आयुक्त किंवा ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, आणि पालिकेच्या उघड्या मॅनहोलमध्ये गेला तर आणखी निराळी वाट. पाय तोच, पण मुदत वेगळी, पुरावा वेगळा, रक्कमही वेगळी. ही रचना कोणी एका बैठकीत ठरवलेली नाही. मुंबईत एकेक यंत्र आलं, त्यात माणसं सापडली आणि त्या यंत्रापुरता कायदा झाला. पावणेदोनशे वर्षं हे असंच साचत आलंय.

बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली ती 16 एप्रिल 1853 रोजी. 1855 मध्ये इंग्लंडच्या 1846च्या कायद्यावर बेतलेला प्राणांतिक अपघातांचा कायदा इथे आला. तोवरचं इंग्रजी तत्त्व असं, की माणूस मेला की त्याचा दावाही मेला. म्हणजे एखाद्याला लुळा करण्यापेक्षा ठार करणं कंपनीला स्वस्त पडायचं. नव्या कायद्याने मृताची पत्नी किंवा पती, आईवडील आणि मुलं यांना दावा करता येऊ लागला. जिवंत राहिलेल्या जखमीला मात्र त्यात काहीच नव्हतं. त्याने साधा दिवाणी दावा लावायचा आणि समोरच्याचा निष्काळजीपणा स्वतः सिद्ध करायचा. फौजदारी कायदा संहितेत बसला, कराराचा बसला, पुराव्याचाही बसला. अशा दिवाणी अपकृत्यांचा, म्हणजे दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा, कायदा मात्र लिहिलाच गेला नाही. इंग्रज कायदेपंडित फ्रेडरिक पोलॉक यांनी 1880च्या दशकात मसुदा करून दिला होता, तो तसाच राहिला.

मग गिरण्या आल्या. सप्टेंबर 1884 मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारच्या सुट्टीसाठी लोखंडे आज सगळ्यांना आठवतात. त्याच निवेदनातली दुसरी मागणी फारशी कोणी सांगत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा निकामी झाला तर त्याच्या चरितार्थाची सोय व्हावी. मागणीत चूक कुणाची हा प्रश्नच नाही. मला हे फार पुढचं वाटतं, कारण मालकाच्या बाजूचे त्या काळचे वकिली बचाव ठरलेले असत. सोबतच्या कामगाराची चूक, तुझाच हलगर्जीपणा, धोका ठाऊक असूनही तू काम धरलंस. तिन्हींपैकी एक तरी लागू पडायचाच.

सुट्टी 1890 मध्ये मिळाली. भरपाईचा कायदा व्हायला 1923 साल उजाडलं आणि तो लागू झाला 1 जुलै 1924 पासून. त्यात मालकाची चूक दाखवण्याची अट गेली, बदल्यात शरीराचं दरपत्रक आलं. आजच्या अनुसूचीत अंगठा गेला तर कमाईची क्षमता 30 टक्के घटली असं धरतात, तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, एका हाताची चारही बोटं गेली तर 50. भांडण उरलं ते अपघात ‘कामाच्या ओघात’ झाला की नाही यावर. मुंबईतला गाजलेला खटला बेस्टच्या एका बसचालकाचा आहे. 1957 साली पाळी संपवून, जोगेश्वरी डेपोत आपली बस लावून तो दुसऱ्या बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत ती बस उभ्या लॉरीवर आदळली आणि तो दगावला. बेस्टचं म्हणणं, काम तर संपलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने 1963 मध्ये बहुमताने उलट निकाल दिला: चालकांना बसमधून फुकट ये-जा करू देणं ही सेवा वेळेवर चालावी म्हणून केलेली सोय आहे, त्यामुळे तो प्रवास नोकरीचाच भाग. विधवेच्या बाजूने अंतिम निकाल यायला सहा वर्षं लागली.

मोटारींचा कायदा 1939चा. वाहनाखाली सापडणाऱ्या तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा झाला 1946 मध्ये, आणि 1956च्या दुरुस्तीने खास न्यायाधिकरणांची तरतूद झाली. आजही जखमी माणसासाठी सगळ्यांत मोकळी वाट हीच, कारण इथे रकमेला वरची मर्यादा नाही. वेदना, पुढचा औषधोपचार, हुकलेलं आयुष्य, सगळं मागता येतं. पण ते कागदावर दाखवावं लागतं, आणि मुंबईत घोडं नेमकं तिथे अडतं. नाका कामगाराकडे, फेरीवाल्याकडे, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे पगाराची चिठ्ठी कुठून येणार? केईएम किंवा सायनच्या पालिका रुग्णालयात उपचार झाले तर बिलं किरकोळ, म्हणून मंजूर होणारा वैद्यकीय खर्चही किरकोळ. उशाशी महिनोन्महिने बसलेल्या आईची पावती कोणी फाडत नाही.

अपंगत्वाच्या दाखल्याचं दुखणं वेगळं. दाखल्यावर 40 टक्के लिहिलंय म्हणून कमाई 40 टक्केच घटली असं विमा कंपनी धरून चालते. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात हा हिशेब मोडून काढला: हात गमावलेल्या कारकुनाची नोकरी टिकू शकते, चालकाची किंवा सुताराची जवळपास संपतेच. तेव्हा शरीर किती गेलं यापेक्षा कमाई किती गेली ते बघा. हे तत्त्व आता पक्कं आहे. पण त्यासाठी डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं, आणि सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरला ओपीडी सोडून कोर्टात आणणं हा स्वतंत्र उद्योग आहे.

रेल्वेचं न्यायाधिकरण 1987च्या कायद्याने आलं आणि 1989 पासून चालू झालं. गंमत अशी, की तेव्हा भरपाई फक्त टक्कर किंवा गाडी घसरणं अशा अपघातांना होती. मुंबईकर मरत होता दारातून पडून, आणि ते ‘अपघात’ या व्याख्येत बसत नव्हतं. 1994च्या दुरुस्तीने गाडीतून पडणंही आत घेतलं. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, पण तेवढ्यावरून भरपाई नाकारता येत नाही, हे 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झालं. जखमीपाशी तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो प्रवासी नव्हता असंही म्हणता येत नाही, हे 2018 मध्ये. त्याआधी गर्दीत हरवलेल्या पासापायी किती दावे बुडाले असतील, कोण जाणे. रक्कम मात्र ठरीव: 1 जानेवारी 2017 पासून जास्तीत जास्त 8 लाख. दोन्ही हात गेले तरी तेवढीच, कमाई कितीही असो. आणि रूळ ओलांडताना उडवलेल्याला या वाटेने काहीच नाही. उपनगरी मार्गावर वर्षाला दोन हजारांहून जास्त मृत्यू होतात आणि त्यांतला सर्वांत मोठा वाटा रूळ ओलांडणाऱ्यांचा असतो.

खड्ड्यांसाठी कुठलंच न्यायाधिकरण नाही. पालिकेवर दावा लावायचा तर 1888च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 527 प्रमाणे आधी महिन्याची नोटीस द्यायची आणि सहा महिन्यांत दावा दाखल करायचा. पाय प्लास्टरमध्ये असतानाच तो काळ सरतो. ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास वारसांना 6 लाख आणि जखमींना 50 हजार ते अडीच लाख द्यावेत असा आदेश दिला. न्यायालयाला हा दर स्वतः बांधावा लागला, यातच सगळं आलं.

वकिलाचा प्रश्न शेवटपर्यंत सुटत नाही. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांची मनाई आहे. त्यामुळे पैसे नसलेल्या जखमीला चांगला वकील उघडपणे हिश्शावर घेता येत नाही, आणि रुग्णालयाच्या दारात घुटमळणारा दलाल मात्र बिनदिक्कत टक्केवारी सांगतो.

मोटार दाव्यांना 1988च्या कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती. 1994 मध्ये ती काढून टाकली. 2019च्या दुरुस्तीने तीच मुदत परत आणली आणि 1 एप्रिल 2022 पासून ती लागू आहे. तिला आव्हान दिलं गेलं आहे. नोव्हेंबर 2025च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की तूर्त कोणताही दावा केवळ मुदत टळली म्हणून फेटाळू नका.