श्रीमंत देश मदतीवर खरंच किती खर्च करतात?

‘श्रीमंत देशांच्या तिजोरीतला मोठा हिस्सा गरीब देशांना वाटण्यातच जातो’ हा समज वर्षानुवर्षं टिकून आहे. तो चूक आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९७० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदतीचं लक्ष्य ठेवलं आणि मुदत दिली ती त्याच दशकाच्या मध्यापर्यंतची. २०२३ मध्ये प्रमुख देणगीदार देशांची एकत्रित मदत भरली ०.३७ टक्के. म्हणजे शंभर रुपयांतले चाळीस पैसेही नाहीत! त्या वर्षी लक्ष्य गाठलं ते नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, जर्मनी आणि डेन्मार्क या पाचच देशांनी.

गोंधळ होतो तो एकूण रकमेमुळे. अमेरिकेचा आकडा त्या वर्षी सर्वांत मोठा होता, पण उत्पन्नाच्या मानाने तो जेमतेम ०.२४ टक्के.

शिवाय ‘मदत’ म्हणून मोजलेला सगळा पैसा बाहेर जातच नाही. निर्वासितांच्या पहिल्या बारा महिन्यांच्या राहण्याजेवणाचा खर्च देणगीदार देशातच होतो, तरी नियमाने तो मदतीत धरता येतो. २०२३ मध्ये हा वाटा सुमारे १४ टक्के होता. कमी व्याजाची, सवलतीची कर्जंही मदतीत धरली जातात. २०१८ पासून त्यातला फक्त सवलतीचा भाग मोजतात, एवढी सुधारणा झाली. मुद्दल मात्र गरीब देशाला फेडावंच लागतं.