मॉन्टगोमेरी काउंटी (मेरीलँड): स्वावलंबी राहणी आणि संकटाची तयारी

मॉन्टगोमेरी काउंटी ही अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातली, वॉशिंग्टन डीसीला खेटून असलेली उपनगरी काउंटी. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ६२ हजार, राज्यात सगळ्यात जास्त. रॉकव्हिल, गेथर्सबर्ग, जर्मनटाऊनकडे मराठी घरंही बऱ्यापैकी आहेत. एवढ्या गर्दीत कोणी स्वतःचं पिकवून खायचं म्हणेल का, असं वाटतं, पण इथला नकाशा जरा वेगळा आहे.

काउंटीचा जवळपास एक तृतीयांश भाग, साधारण ९३ हजार एकर, १९८० पासून शेतीसाठी राखीव आहे आणि तिथे २५ एकरांमागे एकच घर असा नियम. ऐकायला भारी, पण भागाकार केला तर माणशी जेमतेम साडेतीन गुंठे येतात, त्यातही बराच मका, सोयाबीन आणि गवत, म्हणजे थेट ताटात येणारं कमीच. शिवाय ज्या नियमाने जमीन वाचली त्याच नियमामुळे दोन-चार एकराचा तुकडा घेऊन घर बांधू म्हणणाऱ्याला तिथे शिरणं अवघड.

मग उरतं परसदार. पाऊस वर्षाला साधारण ४० इंच, तोही बाराही महिने विभागून, त्यामुळे मे ते सप्टेंबर भेंडी, दुधी, टोमॅटो मस्त येतात. माती मात्र चिकट लाल, आणि हरणं! कुंपण नसेल तर एका रात्रीत वाफा साफ. टाउनहाऊसवाल्यांना (एकाला एक चिकटलेली घरं) तर एचओएचे, म्हणजे घरमालकांच्या सोसायटीचे, नियम आधी वाचावे लागतात, कोंबड्या वगैरे लांबच राहिल्या.

पाणी मुख्यतः पोटोमॅक आणि पटक्सेंट नद्यांचं. दुष्काळात पोटोमॅकमध्ये सोडायला बॉइड्सजवळ लिटल सेनेका तलाव मुद्दाम बांधलेला आहे. राखीव शेतीपट्ट्यात स्वतःची विहीर असते, लोकांना वाटतं झालो स्वतंत्र, पण लाइट गेली की पंप बंद आणि नळ कोरडा, म्हणून तिथे जनरेटर किंवा भरून ठेवलेलं पाणी लागतंच.

लाइट जाणं हा इथला खरा धोका. २९ जून २०१२ च्या डेरेचो वादळात (लांबलचक पट्ट्यात सुसाट सरळ वारे आणणारं गडगडाटी वादळ) झाडं तारांवर पडली आणि ऐन उकाड्यात काही घरं जवळपास आठवडाभर अंधारात होती. जानेवारी २०१६ मध्ये दोन फुटांहून जास्त बर्फ पडून गल्ल्या अडकल्या होत्या.

पळायची वेळ आली तर? उत्तरेला आय-२७० महामार्ग, रोजच्या ऑफिसच्या वेळेलाच तुंबणारा. पश्चिमेला पोटोमॅक नदी, आणि डीसीजवळच्या अमेरिकन लिजन ब्रिजपासून थेट वरच्या पॉइंट ऑफ रॉक्स गावापर्यंत गाडीचा एकही पूल नाही, मधे गाड्या पलीकडे नेणारी व्हाइट्स फेरी बोट होती तीही डिसेंबर २०२० मध्ये बंद पडली. त्यामुळे पूर्ण स्वावलंबनाचं गणित इथे बसत नाही, दोन आठवडे घरातच तग धरायची तयारी मात्र जमते: पाणी, डाळ-तांदूळ, औषधं, गॅसची शेगडी (ती बाहेरच पेटवायची) आणि शेजाऱ्यांशी ओळख.